कुत्र्याला कशाला हवी घसरगुंडी?



मागच्या आठवड्यात महिला मंडळाची बैठक संपल्यावर एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे ती कुत्र्याची फळी होती ना, ती अजून आहे का?" विचारताना त्यांनी आवाज एवढा खाली आणला होता की मला वाटलं, उसने पैसे मागतायत की काय. त्यांच्याकडे नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे. मागचे पाय लटपटतात, गाडीत चढत नाही. घरात तिघं माणसं, त्यातली दोघं साठीच्या पुढची. तरी हे विचारायला त्यांना लाज वाटत होती. कुत्र्याला गाडीत चढायला रॅम्प म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं आपल्याकडे न बोलता ठरून गेलंय.

मलाही तसंच वाटायचं. त्यापायी आमच्या शेरूचे आठ महिने मी वाया घालवले. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

शेरू २०१३ साली आमच्याकडे आला. लेकाने पुण्याहून आणला, आणि पुढच्याच वर्षी लेक नोकरीसाठी बंगळूरला गेला. कुत्रा राहिला आमच्याकडे. हे तुमच्यापैकी किती जणींच्या घरी झालंय, हात वर करा! आपल्या घरात कुत्रा पाळावा की नाही, त्याला खायला काय घालावं, यावर माझी आणि आमच्या जाऊबाईंची अनेक वर्षं चर्चा चालू होती. तो विषय मी आज काढत नाही. माझं एवढंच म्हणणं की दारात आलेला जीव एकदा आपला म्हटला, की त्याचं म्हातारपणही आपलंच. पिल्लू असताना सगळेच मांडीवर घेतात.

शेरू लॅब्रेडॉर. तरुणपणी गाडीची डिकी उघडायचा अवकाश, उडी मारून आत. आमची गाडी उंच चाकाची, डिकीची कड जमिनीपासून अठ्ठावीस इंच. तेव्हा ही उंची कोणी मोजली होती! २०२२ च्या जूनमध्ये, नवव्या वर्षी, त्याने पुढचे दोन पाय डिकीवर ठेवले आणि तसाच थांबला. मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला घाई होती. डॉक्टर मिरजेला, संध्याकाळी पाचला बसतात, आणि मला परत येऊन सूर्यास्ताच्या आत जेवायचं होतं. मी मागून त्याला ढकललं. "चढ रे, नाटकं करू नकोस," असंही म्हटलं. तो कळवळून ओरडला, मागचे पाय निसटले, आणि एक्केचाळीस किलोचा कुत्रा माझ्या अंगावर. माझी कंबर धरली ती तीन आठवडे. त्याच्या मनात जे बसलं ते मात्र त्याहून जास्त टिकलं. त्यानंतर डिकी उघडल्याचा आवाज आला की तो जिन्याखाली जाऊन बसायचा.

मग आम्ही त्याला न्यायचंच बंद केलं. असं ठरवून कोणी केलं नाही. हे म्हणायचे, "पुढच्या रविवारी लेक आला की बघू." लेक यायचा, दोन दिवसांत जायचा. शेजारच्या मुलाला सांगून उचलून घालू, तर त्याची परीक्षा. लस चुकली. पाऊस गेला, दिवाळी गेली. शेरू लंगडत होता ते आम्हाला दिसत होतं. "वय झालंय आता" म्हणून सोडून दिलं. एकदा तर माझ्या गुडघ्याची गोळी अर्धी करून त्याला द्यायला मी हातात घेतली होती. लेकाला फोनवर सहज बोलले म्हणून वाचला. माणसाची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी औषधं कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक असतात. हे एवढं तरी सगळ्यांनी लक्षात ठेवा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवटी दोन मुलांनी जाड चादरीच्या झोळीत घालून त्याला गाडीत चढवला. डॉक्टरांनी कोपराचे आणि कमरेचे सांधे बघितले, ते अपेक्षितच होतं. मग त्यांनी डावा कान उलटा केला. आतून चिघळलेला. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना हा त्रास होतो म्हणे, पण वेळेवर आणलं तर थेंबांनी बरा होतो. "किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. मी बी.कॉम. झालेली बाई, घरातला पै-पैचा हिशेब चाळीस वर्षं लिहितेय, आणि मला याचं उत्तर देता आलं नाही.

म्हणून म्हणते, रॅम्प ही कुत्र्याची चैन नव्हे. रॅम्प नसला की हळूहळू डॉक्टर सुटतो. गाडीत चढता न येणाऱ्या मोठ्या कुत्र्याचं आजारपण घरातच, कोणाच्या लक्षात न येता, वाढत राहतं.

त्याच रात्री लेकाने ऑनलाइन रॅम्प मागवला. साडेपाच हजार रुपये. चार दिवसांत घरी आला. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, नव्वद किलोपर्यंत वजन पेलतो. आम्ही खूश. शेरू चाळीसचा, म्हणजे दुपटीहून जास्त! डिकीला लावला. शेरूने एक पाय ठेवला, प्लास्टिक मधोमध वाकलं, खाली पोकळ आवाज झाला, आणि तो परत जिन्याखाली. पुन्हा पाऊल ठेवायला तयार नाही. जाऊबाई त्या दिवशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुत्र्याला घसरगुंडी आणलीत होय!" सगळे हसले, मीही हसले, आणि तो रॅम्प माळ्यावर गेला.

पण ते घसरगुंडी म्हणणं डोक्यात राहिलं, कारण त्या बरोबर बोलल्या होत्या. दुपारी वही काढून बसले. रॅम्पची लांबी चार फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. डिकी अठ्ठावीस इंच. आता आपल्या घरातल्या जिन्याची पायरी बघा, साधारण सात इंच उंच आणि दहा इंच रुंद. चार पायऱ्या म्हणजे अठ्ठावीस इंच वर आणि चाळीस इंच पुढे. आमचा चार फुटी रॅम्प अठ्ठावीस इंचांवर टेकवला की त्याचं खालचं टोक गाडीपासून एकोणचाळीस इंचांवर येत होतं. म्हणजे तो रॅम्प जिन्याइतकाच, किंचित जास्तच, उभा होता. फरक इतकाच की जिन्याला पाय ठेवायला पायऱ्या असतात. माझ्या सासूबाईंना कोणी पायऱ्या तासून गुळगुळीत केलेला जिना चढायला सांगितला असता तर आम्ही त्याला काय म्हटलं असतं?

यावरून मी माझा नियम केला. डिकीची उंची मोजायची आणि रॅम्प तिच्या निदान अडीच पट लांब हवा. अठ्ठावीस इंचांना सत्तर, म्हणजे जवळजवळ सहा फूट. पाय फारच अशक्त असतील तर तिप्पट. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक असा उतार ठेवतात, तो धरला तर आमच्या डिकीला अठ्ठावीस फुटांचा रॅम्प लागला असता, म्हणजे गाडी आमच्या दारात आणि रॅम्पचा पाय जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात. चार पायांच्या जनावराला तेवढं नको. पण खोक्यावर किती किलो लिहिलंय ते वाचून रॅम्प घेऊ नका. वजन तर बहुतेक सगळे पेलतात. मधोमध तो किती लवतो, ते बघा. माणूस उभा राहिल्यावर दोन बोटं खाली जाणारी फळी मोडत नाही, पण कुत्र्याला तिच्यावर भरवसा वाटत नाही. एकदा पायाखालची जमीन हलली की म्हातारा कुत्रा पुढचे पंधरा दिवस जवळ येत नाही.

कमी उंचीच्या गाडीत मागच्या सीटवर बसवत असाल तर सीटची उंची साधारण एकवीस-बावीस इंच भरते, तिथे पाच फुटांत भागतं. पण बाजूचं दार पूर्ण काटकोनात उघडत नाही, सीट मऊ असल्याने रॅम्पचं टोक रुतून डगमगतं, आणि आत गेल्यावर पाय ठेवायच्या जागेचा खड्डा असतो. तो खड्डा उशीने किंवा घट्ट गुंडाळलेल्या सतरंजीने आधी भरून घ्या. शक्य असेल तर मात्र डिकीच बरी. घडीच्या छोट्या पायऱ्याही मिळतात. लहान जातीच्या कुत्र्यांना त्या चालतात, पण ज्याचे मागचे पाय उचलत नाहीत त्याला पायरी म्हणजे पुन्हा पुन्हा तेच दुखणं. त्याला उतारच हवा.

आमचे नेहमीचे सुतारमामा आहेत. त्यांना वहीतलं चित्र दाखवलं. आधी त्यांना वाटलं, आमच्या ह्यांच्यासाठी आहे. कुत्र्यासाठी म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "वहिनी, उचलणार कोण?"

मला वाटतं, रॅम्प घेताना विचारायचा सगळ्यात शहाणा प्रश्न तोच आहे. जाहिरातीत नेहमी एक दणकट तरुण माणूस एका हाताने रॅम्प टाकतो. आपल्या घरात सकाळी अकरा वाजता घरी कोण असतं? आपण असतो. कंबर धरलेली, गुडघे बोलणारी बाई. जो रॅम्प तिला एकटीला टाकता, काढता आणि परत घडी करून ठेवता येत नाही, तो कितीही लांब आणि मजबूत असला तरी घरातल्या माळ्यासाठीच घेतलेला. सुतारमामा जाड, अठरा एमएमचं प्लाय घालणार होते. त्याचं वजन मला पेललं नसतं. मग बारा एमएमचं मरीन प्लाय घेतलं आणि ते लवू नये म्हणून खाली लांबीत ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप बसवले. सहा फुटांचे दोन तुकडे केले, मधे लांब बिजागरी, घडी केली की पाट्यासारखा मिटतो. रुंदी दीड फूट. याहून अरुंद करू नका. मोठा कुत्रा वळायला गेला की पाऊल हवेत जातं. दोन्ही कडांना एक-एक इंच उंचीची पट्टी मारली, ती दिसायला काहीच नाही, पण पाय तिला लागला की त्याला कड कळते. वरच्या टोकाला चार इंचांचा ओठ, डिकीच्या कडेवर बसणारा, त्याखाली रबर, आणि दोन पट्टे. हे पट्टे डिकीच्या आतल्या कडीला अडकवल्याशिवाय कुत्र्याला पाऊल ठेवू द्यायचं नाही. चढताना तो मागच्या पायांनी रॅम्पला मागे रेटतो, आणि पट्टा नसेल तर ओठ निसटतो. धरायला मधे हात जाईल एवढी खाच.

सगळं मिळून वजन नऊ-साडेनऊ किलो झालं. दहा किलो तांदळाची पिशवी उचलणाऱ्या बाईला जमतं, पण हलकं आहे असं मी म्हणणार नाही. आधी उभा करायचा, मग ओठ डिकीवर टेकवायचा, मग घडी उलगडत खाली सोडायची. पूर्ण उचलावा लागत नाही. ही युक्तीसुद्धा सुतारमामांची. खर्च लिहून ठेवलाय: प्लाय १,०५०, पाइप १,१५०, बिजागरी-स्क्रू २५०, मॅट आणि पट्टे ४८०, मजुरी ९००. एकूण ३,८३० रुपये. ज्या गावात असा सुतार नाही, वेळ नाही, तिथे तयार घ्यावाच, पण लांबी आणि लवणं बघून, आणि परत करता येईल अशाच ठिकाणाहून.

वर अंथरायचं काय, यावर मी तीनदा चुकले. पहिल्यांदा काथ्याचं पायपुसणं चिकटवलं. पाय घसरत नव्हते, पण त्याच्या म्हाताऱ्या पंज्यांना ते खरखरीत लागायचं. तो पाऊल टाकून उचलून घ्यायचा. मग योगाची जुनी चटई लावली, तिला आठ दिवसांत नखांनी भोकं. शेवटी हिरवी गवती मॅट, रबरी पाठीची, खिळ्यांनी न मारता वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बसवलेली, म्हणजे धुता येते. हिरवळीवर चालल्यासारखं वाटत असावं त्याला, काय सांगावं. नुसता पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग मात्र ठेवूच नका. एप्रिलच्या दुपारी त्यावर आपला तळहात दहा सेकंद टेकवून बघा, म्हणजे पंज्यांना काय होत असेल ते कळेल. आणि मॅट कितीही चांगली असली तरी नखं वाढलेली असतील, पंज्याच्या गाद्यांमधले केस वाढलेले असतील, तर पाय घसरतोच. तेवढं कापून घ्या.

रॅम्प आला म्हणून कुत्रा चढला, असं होत नाही. पहिले तीन दिवस मी तो ओसरीत नुसता जमिनीवर पसरून ठेवला. शेरू वासबीस घेऊन बाजूने जायचा. मग त्यावर भाकरीचे तुकडे ठेवले. चौथ्या दिवशी तो त्यावर झोपलाच. मग एक टोक उंबऱ्यावर, मग दारातल्या कट्ट्यावर, आणि बाराव्या दिवशी गाडीला. कॉलरला धरून ओढायचं नाही, छातीचा पट्टा घालून त्याच्या बाजूने आपण चालायचं. मी हे सगळं तो दुखणाईत झाल्यावर केलं, ती माझी चूक. कुत्रा सहा-सात वर्षांचा, धडधाकट आहे तेव्हाच शिकवा. तेव्हा त्याला तो खेळ वाटतो. दुखत असताना प्रत्येक नवी गोष्ट त्याला संकट वाटते.

एक गोष्ट आपल्यातल्या पुष्कळ जणी म्हणतात: "चढताना मदत करू, उतरताना उडी मारतो की आपापली!" उतरणंच वाईट आहे. कुत्र्याच्या शरीराचं साधारण साठ टक्के वजन उभं असतानाही पुढच्या पायांवर असतं. अठ्ठावीस इंचांवरून उडी मारली की सगळाच भार आधी पुढच्या दोन कोपरांवर आणि खांद्यांवर येतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा जड जातींत कोपर आणि कंबरेचे सांधे नीट न बसण्याची खोड पुष्कळ आढळते. डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती शेरूचं वजन उतरवायची, आणि एका वर्षात तो एक्केचाळीसवरून छत्तीसवर आला. दुसरी सांगितली, उडी बंद.

स्वाध्यायात आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार किती वेळा ऐकतो. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहेत. अतिभारारोपण म्हटलं की आम्हा सांगलीकरांच्या डोळ्यांसमोर गळीत हंगामातल्या उसाच्या गाड्या येतात, फेस आलेले बैल, आणि वर डोंगराएवढा ऊस. ते बघून आपण हळहळतो आणि पुढे जातो, कारण ती गाडी आपली नसते. शेरूच्या पाठीवर मी कधी काही लादलं नाही. पण दुखऱ्या कोपरावर त्याचंच वजन आपटू देणं, आणि हातात चार हजारांची फळी करून घ्यायची ऐपत असताना देणं, हेही त्याच खात्यात मांडायला हवं असं मला वाटतं. हा अर्थ माझा, घरच्या बाईचा. पंडितजींनी मान्य करावा असा माझा हट्ट नाही.

"एवढा खर्च माणसांवर करावा," असं मला ऐकवणारे पुष्कळ भेटले. करावाच. आपल्याच मंदिरांच्या पायऱ्यांपाशी किती म्हाताऱ्या बायका वर न जाता खालूनच हात जोडतात, ते मी बघते. जिथे रॅम्प झालाय तिथेही कुठे कुठे तो इतका उभा केलाय की चाकाची खुर्ची ढकलायला दोन माणसं लागतात. बांधणाऱ्याने लांबी मोजलीच नाही, जागा उरली तेवढ्यात बसवला. कुत्र्याचा रॅम्प करताना मी हे शिकले आणि आमच्या मंदिराच्या कमिटीला ते आकडे लिहून दिले. म्हणजे शेरूच्या फळीतून माणसांचं काही कमी झालं नाही.

रॅम्प आल्यापासून शेरू एकवीस महिने होता. त्या काळात तो दर दीड-दोन महिन्यांनी मिरजेला गेला, कधी नुसता कान दाखवायला, कधी वजन करायला. कधी काहीच नसताना कृष्णेच्या घाटावर. हे गाडी लावायचे, मी पट्टे अडकवायचे आणि तो संथपणे, एखाद्या आजोबांसारखा, वर जायचा. मधे एकदा थांबून मागे बघायचा. मी "चल" म्हटलं की पुढे. ते मागे बघणं जून २०२२ मध्येही होतं. तेव्हा मी ढकललं होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये तो गेला, घरीच, ओसरीत. शेवटच्या रात्री सूनबाई म्हणाली, "आई, त्याच्या कानात म्हणूया." जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार ऐकवल्याची गोष्ट आम्ही तिला कधीतरी सांगितली होती, ती तिने लक्षात ठेवली होती. डावा कान तेव्हा स्वच्छ होता. त्याच कानात म्हटलं.

तर ताई, रॅम्प आहे. माळ्यावर नाही, ओसरीतच भिंतीला टेकवून ठेवलाय. कोणाला पाठवून द्या किंवा हे आणून देतील. मॅट परवाच धुऊन वाळवली आहे, एका बाजूचा वेल्क्रो सुटत आलाय तेवढा शिवून घ्या. तुमच्या गाडीची डिकी तीस इंच म्हणालात, म्हणजे माझ्या हिशेबाने पंचाहत्तर इंच लांबी हवी आणि हा बहात्तरचा आहे. त्यासाठी नवा करायला नको. तुमच्या दारात कट्टा आहे ना, गाडी उलटी लावा, डिकी कट्ट्याकडे, आणि रॅम्पचा पाय कट्ट्यावर टेकवा. पाच-सहा इंच तिथेच वाचतील. पहिले आठ दिवस मात्र गाडीजवळ नेऊ नका. घरात पसरून ठेवा, आणि त्याला त्यावर झोपू द्या.